काजळलेला बर्फ

पुण्याच्या मार्केट यार्डात आमचा सफरचंदांचा गाळा आहे. अब्बांनी तो सुरू केला. आता आम्ही तिघे भाऊ, घरातल्या बायका आणि हाताशी आलेली मुलं मिळून तो चालवतो. कोणी गाळ्यावर बसतं, कोणी घरी हिशेबाची वही सांभाळतं, कोणी ट्रकवाल्यांशी फोनवर बोलतं. म्हणून या लेखात जिथे ‘आम्ही’ येईल तिथे आमचं सगळं घर समजावं.

आमच्याकडे येणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा काश्मीरमधल्या गांदरबल जिल्ह्यातून, सिंध नदीच्या खोऱ्यातल्या एका बागेतून येतो. ही सिंध म्हणजे आपण भूगोलात शिकतो ती मोठी सिंधू नव्हे. झोजिला खिंडीजवळच्या माचोई हिमनदीच्या बाजूने निघून, सोनमर्गवरून खाली येत झेलमला मिळणारी ही वेगळी नदी. बागेचे मालक सत्तरीचे आहेत. अब्बांशी त्यांचा जन्मभराचा व्यवहार. अब्बा अल्लाहला प्यारे झाले तरी त्यांनी माल दुसऱ्या अडत्याकडे वळवला नाही. आम्ही त्यांना चाचाजान म्हणतो.

पूर्वी त्यांच्याशी फोनवर भावाचं, पेट्यांचं, घाटात रस्ता बंद पडल्याचं बोलणं व्हायचं. गेल्या काही वर्षांत पाण्याचं बोलणं वाढलं आहे. ते म्हणतात, ‘‘पाणी आता आमच्या वेळेला येत नाही. बर्फ लवकर वितळतो, नदी एप्रिलमध्येच भरून वाहते. तेव्हा झाडाला एवढी तहान नसते. जुलै-ऑगस्टमध्ये फळ फुगायची वेळ येते आणि नेमकं तेव्हा पाटात पाणी चढत नाही.’’ फळ फुगलं नाही की पेटीत बारीक माल येतो आणि बारीक मालाला पडेल तो भाव घ्यावा लागतो. हिमालयातल्या बर्फाची तब्येत अशी आमच्या हिशेबाच्या वहीपर्यंत येऊन पोहोचते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये चाचाजानच्या आग्रहाखातर आम्ही नऊ जण काश्मीरला गेलो. अम्मीसुद्धा सोबत होती. बाग पाहून झाल्यावर त्यांनी आम्हाला सोनमर्गला पाठवलं. सोबत त्यांचा भाचा होता. तो तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सोनमर्गहून थाजीवासच्या हिमनदीकडे घोड्यावरून जाता येतं. मुलांनी कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र बर्फ डोळ्यांसमोर ठेवला होता. प्रत्यक्षात पायथ्याशी जो बर्फ होता तो राखाडी, जागोजागी काळसर, एखाद्या जुन्या गोधडीसारखा दिसत होता. घोडेवाला खजील होऊन म्हणाला, ‘‘बर्फ मैली हो गई है, साब.’’ अम्मीने तो थोडा वेळ निरखून पाहिला आणि म्हणाली, ‘‘ही तर आपल्या गावच्या चुलीमागची भिंत.’’

आम्हाला वाटलं, ही सगळी पर्यटकांच्या पायांची माती आणि घोड्यांची लीद असणार. काही अंशी ते खरंच होतं. पण भाच्याने वर बोट दाखवलं. आम्ही उभे होतो तिथला बर्फ हिवाळ्यात साचलेला आणि कड्यांवरून घसरून आलेला. खरी हिमनदी त्याच्या वर, कड्यांना लटकल्यासारखी होती. तिथे ना घोडा जातो ना माणूस, तरीही तिच्यावर राखाडी पट्टे दिसत होते. ‘‘तिथली घाण हवेतून येते,’’ तो म्हणाला.

परतल्यावर त्याने मुलांना एक प्रयोग करून दाखवला. डब्यातून आणलेला स्वच्छ बर्फ त्याने दोन थाळ्यांमध्ये सारखा घातला. एका थाळीतल्या बर्फावर बुखारीच्या नळीतली काजळी चिमूटभर भुरभुरली. बुखारी म्हणजे लाकूड किंवा कोळसा जाळून खोली उबदार ठेवणारी लोखंडी शेगडी. दोन्ही थाळ्या उन्हात ठेवल्या. हवा तीच, ऊन तेच, तरी काजळीच्या थाळीत आधी पाणी झालं. मुलांनी विचारलं, ‘‘असं का?’’ त्या एका प्रश्नापासून आम्ही हा विषय वाचायला लागलो, आणि जे कळलं ते वाचकांपुढे ठेवावंसं वाटलं.

बर्फ गरम हवेने वितळतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण उंच डोंगरावर बर्फ वितळवणारी मोठी ताकद ऊन आहे, आणि उन्हापासून बर्फाला वाचवतो तो त्याचा पांढरा रंग. मे महिन्याच्या उन्हात काळा बुरखा घालून बाजारातून आलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. हज-उमरा करून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट अनुभवली असेल. भर दुपारी मक्केचा डांबरी रस्ता पाय ठेवू देत नाही, पण मस्जिद-ए-हराममध्ये तवाफच्या जागेची पांढरी फरशी अनवाणी पायांना भाजत नाही. ग्रीसमधल्या थासोस बेटावरून आणलेला तो शुभ्र संगमरवर आहे. पडलेल्या उन्हाचा मोठा भाग तो परत फेकतो.

ताज्या बर्फाची परतफेड त्याहूनही मोठी. नुकताच पडलेला स्वच्छ बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के आकाशाकडे परत पाठवतो. म्हणजे शंभरातले दहा-वीसच भाग त्याच्या अंगात मुरतात. मळलेला, जुना, उघडा पडलेला हिमनदीचा बर्फ मात्र कधी कधी २०-३० टक्केच ऊन परत पाठवतो आणि उरलेलं सगळं शोषून घेतो. सूर्य तोच, पण त्याच बर्फाच्या वाट्याला अनेक पटींनी जास्त ऊन येतं.

आम्हाला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते किती थोडी घाण पुरते याचं. १९८० साली वॉरेन आणि विस्कोंब या अमेरिकी शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं की बर्फात काजळीचं प्रमाण अगदी नाममात्र असलं तरी त्याची उजळी कमी होते. शंभर कोटी भाग बर्फात काही दहा भाग काजळी मिसळली, तर तो डोळ्यांना पांढराच दिसतो, पण ऊन जास्त पिऊ लागतो. वजनास वजन धरलं तर काजळी साध्या धुळीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त ऊन शोषते. धुळीची भरपाई तिच्या प्रमाणाने होते, कारण ती ढिगाने येते.

एकदा वितळायला सुरुवात झाली की गोष्ट आपोआप वाढत जाते. सालन आटलं की मीठ जास्त लागायला लागतं, तसंच हे आहे. पाणी वाहून जातं, पण काजळी आणि धूळ बरीचशी वरच राहते. हिवाळ्यात वेगवेगळ्या थरांत पडलेली घाण उन्हाळ्यात एकाच थरावर गोळा होते. शिवाय ओल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि मोठ्या कणांचा बर्फ मुळातच कमी ऊन परतवतो. वरचा हंगामी बर्फ लवकर गेला की खालचा हिमनदीचा जुना, गडद बर्फ उन्हात उघडा पडतो. मग तो आणखी महिनाभर जास्त वितळत राहतो.

ही ओळख आजची नाही. १८७० मध्ये नॉर्डेनशेल्ड हा संशोधक ग्रीनलंडच्या बर्फावरून चालत असताना त्याला बर्फात विहिरीसारखी उभी, गोल भोकं दिसली. प्रत्येक भोकाच्या तळाशी करड्या-काळ्या धुळीचा थर होता. धुळीने ऊन शोषलं, खालचा बर्फ वितळवला आणि ती स्वतःच त्या खड्ड्यात उतरत गेली होती. तशी भोकं आज हिमालयातल्या हिमनद्यांवरही सापडतात.

इथे आमच्या गाळ्यावरच्या हमालाने एक रास्त शंका काढली. तो म्हणाला, ‘‘बर्फाची लादी टिकावी म्हणून आपण वर भुसा टाकतो. मग हिमनदीवर धूळ पडली तर ती टिकायला हवी.’’ शंका चुकीची नाही. फरक थराच्या जाडीचा आहे. दगडमातीचा थर बराच जाड असेल तर उन्हाची उष्णता खालपर्यंत पोहोचत नाही आणि बर्फ झाकला जातो. पण बारीक, विरळ थर झाकत नाही, तो तापतो आणि ती उष्णता लगेच खाली देतो. हवेतून येणारी धूळ आणि काजळी ही अशी विरळच असते. तिच्यात बर्फाला तापवण्याइतका काळेपणा असतो, झाकण्याइतकी जाडी नसते.

डोंगरातल्या माणसांना हे विज्ञानाच्या पुस्तकाआधीच ठाऊक होतं. लडाख आणि झंस्करमध्ये उन्हाळा तोकडा असतो. पेरणीला उशीर झाला तर पीक हाती येत नाही. म्हणून तिथले शेतकरी वसंतात आपल्या शेतावरच्या बर्फावर माती पसरतात. मातीने बर्फ लवकर वितळतो आणि काही दिवस आधी नांगर धरता येतो. आपल्या शेतापुरतं, आपल्या गरजेपुरतं त्यांनी जे विचारपूर्वक केलं, तेच आता सगळ्या हिमालयावर नको तेव्हा आणि नको तिथे होत आहे.

त्याच भागाला लागून असलेल्या बाल्टिस्तानात आणखी एक सुंदर रीत आहे. तिथले मुस्लिम गावकरी हिमनद्यांचं लग्न लावतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे दगडमातीने माखलेली, काळपट, पाणी कमी देणारी हिमनदी म्हणजे नर, आणि उजळ, वाढणारी, भरपूर पाणी देणारी ती मादी. दोन्हींचा बर्फ पाठीवर वाहून नेऊन, उंचावरच्या सावलीच्या जागी एकत्र पुरून ठेवतात, दुआ करतात आणि तिथे नवी हिमनदी धरेल अशी आशा बाळगतात. यातलं शास्त्र किती आणि श्रद्धा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला एवढंच जाणवलं की बर्फाचा रंग आणि पाण्याची बरकत यांचं नातं त्या डोंगरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे.

मग ही घाण येते कुठून? धुळीचं उत्तर दूरचं आहे. थरचं वाळवंट, अरबस्तान, अगदी आफ्रिकेतलं सहारा इथून उठलेली धूळ वाऱ्याबरोबर हिमालयापर्यंत जाते. धूळ एवढी लांब जाते यावर विश्वास बसत नसेल त्यांनी २३ जानेवारी २०२२ आठवावी. पाकिस्तानकडून उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून थेट मुंबईपर्यंत आलं होतं. त्या दिवशी मुंबईच्या गाड्यांवर पिठासारखा पांढुरका थर बसला होता आणि समोरच्या इमारती धूसर झाल्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की साधारण साडेचार हजार मीटरच्या वर हिमालयातला बर्फ काळवंडण्यात काजळीपेक्षा धुळीचा वाटा मोठा आहे. वाळवंटातली धूळ ही कुदरतीची आहे. तरी उजाड झालेली माळरानं, झाडं तोडलेले उतार, डोंगर फोडून चाललेले रस्ते यांची धूळ माणसाचीच.

काजळी मात्र जवळपास सगळी जळणाची. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, डिझेल, पाचट, जंगल यांपैकी काहीही अर्धवट जळालं की काजळी तयार होते. पूर्ण जळालं तर ती होत नाही. म्हणजे काजळी ही वाया गेलेल्या जळणाची निशाणी आहे. जागतिक बँकेच्या २०२१ च्या एका अहवालाप्रमाणे हिमालयाच्या भागात माणसामुळे बसणाऱ्या काजळीपैकी ४५ ते ६६ टक्के काजळी दोनच ठिकाणांहून येते. एक म्हणजे कारखाने, त्यातही मुख्यतः वीटभट्ट्या, आणि दुसरं म्हणजे घरात जळणारं लाकूड-कोळशासारखं इंधन. रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांचा वाटा त्यानंतर येतो.

ऋतूप्रमाणे ती कमीजास्त होते. देहरादूनच्या वाडिया संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये गंगोत्री हिमनदीच्या वाटेवर चीरबासा इथे हवेतली काजळी मोजली. ऑगस्टमध्ये, पावसाने धुतलेल्या हवेत, ती अगदी नगण्य होती. मे महिन्यात, जेव्हा शेतं जाळली जातात आणि जंगलांना वणवे लागतात, तेव्हा ती शेकडो पटींनी वाढलेली होती. दुर्दैव असं की मे महिना हाच बर्फ वितळायला लागण्याचा काळ. ऊन कडक, बर्फ उघडा आणि काजळी भरपूर, असे तिन्ही योग एकदम येतात.

सोनमर्गवरून पुढे गेलं की झोजिला खिंड ओलांडून द्रासचा मुलूख लागतो. काश्मीर विद्यापीठातल्या संशोधकांनी या द्रासच्या खोऱ्यातल्या ७७ हिमनद्या उपग्रहाच्या चित्रांवरून तपासल्या. २००० ते २०२० या वीस वर्षांत त्यांचं एकूण क्षेत्र सुमारे तीन टक्क्यांनी घटलं होतं. आणि ज्या हिमनद्या श्रीनगर-लेह महामार्गाच्या जवळ होत्या, त्या लांबच्या हिमनद्यांपेक्षा जास्त आक्रसल्या होत्या. आम्ही हे वाचलं तेव्हा घरात थोडा वेळ कोणी बोललं नाही. आमचे ट्रक त्या महामार्गावरून जात नाहीत. गांदरबलहून माल भरून ते श्रीनगर-जम्मूच्या रस्त्याला लागतात. पण ट्रक हा शेवटी ट्रकच, आणि तो रस्ताही बर्फाच्या डोंगरांमधूनच जातो.

हे वाचून काश्मिरी माणसाकडे बोट दाखवणं सोपं आहे. हिवाळ्यात श्रीनगरच्या हवेत काजळी फार वाढते, कारण घरोघरी बुखारी, हमाम आणि कांगडी पेटलेली असते. शरद ऋतूत चिनारची पानं जाळून त्याचा कोळसा करतात, तो कांगडीत घालायला. पण चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, २१ डिसेंबरपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, जिथे नळातलं पाणी गोठतं तिथे फेरनखाली पोटाशी धरलेली कांगडी ही चैन नाही. वीज भरवशाची आणि परवडणारी असेल तरच ती कांगडी विझेल. ज्याला दुसरा पर्याय दिलेला नाही त्याला धुराचा दोष देणं हा इन्साफ नव्हे. म्हणूनच या प्रश्नात ‘जळण बंद करा’ म्हणण्यापेक्षा ‘चांगलं जळण मिळू द्या’ हे म्हणणं खरं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. हिमनद्या आक्रसण्याचं मुख्य कारण जगाचं वाढतं तापमान हेच आहे. काजळी आणि धूळ त्यात भर घालतात. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतीय संशोधन संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या. या डोंगरांत २४ कोटी माणसं राहतात आणि डोंगरांतून निघणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत आणखी १६५ कोटी. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या रक्षणाचं म्हणून पाळलं आणि २१ मार्च हा हिमनद्यांचा दिवस ठरवला, तो याच काळजीतून.

बर्फ हे डोंगराचं धरण आहे. आपल्या कोयनेत पावसाळ्याचं पाणी साठतं आणि उन्हाळ्यात सुटतं. तिथे हिवाळ्याचं पाणी बर्फ होऊन साठतं आणि गरजेच्या वेळी थेंबाथेंबाने सुटतं. धरणाचे दरवाजे वेळेआधी उघडले तर खालच्याला आधी पूर आणि मग दुष्काळ. चाचाजानच्या पाटात जे होतं ते हेच. ते ना विज्ञान शिकलेले आहेत ना कुठल्या परिषदेला गेलेले, पण आपल्या बागेचं पाणी त्यांनी पन्नास हंगाम पाहिलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार भर चिल्लई कलानमध्ये उघडे तपकिरी पडले होते. तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, ‘‘या वर्षी आभाळाने उधारी दिली नाही.’’ बर्फ कमी पडला तर जो पडतो तो तरी जास्त दिवस टिकायला हवा. म्हणून त्याच्या रंगाची काळजी.

आमच्यासाठी या विषयाची दुसरी बाजू घरातच आहे. अम्मीला गेली कित्येक वर्षं दम्यासारखा त्रास आहे. जिना चढताना ती दोनदा थांबते. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेट पाहिली नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?’’ सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी तिने जवळजवळ तीस वर्षं तुरकाट्या, गोवऱ्या आणि उसाची चिपाडं जाळून भाकरी भाजल्या. पावसाळ्यात जळण ओलं असायचं. ती फुंकणीने फुंकत राहायची आणि धुराने डोळे चुरचुरायचे. रमजानमध्ये सेहरीला सगळ्यांच्या आधी उठून ती त्या धुरात बसायची. त्या धुरातली जी काजळी चुलीमागच्या भिंतीवर बसली, तीच तिच्या छातीत बसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. थाजीवासला काळा बर्फ पाहून तिला चुलीमागची भिंत आठवली होती. आता आम्हाला कळतं की ती उपमा नव्हती. वस्तू एकच आहे.

याच कारणाने काजळीचा प्रश्न आम्हाला निराशेचा वाटत नाही. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की त्याचा बराच भाग शेकडो वर्षं राहतो. आज सगळ्या जगाने गाड्या थांबवल्या तरी आपल्या नातवंडांच्या नातवंडांना त्याची झळ लागणार. काजळी तशी नाही. ती हवेत काही दिवस, फार तर दोनेक आठवडे राहते आणि पावसाने किंवा बर्फाने खाली येते. आज धूर कमी केला तर या हिवाळ्यात पडणारा बर्फ गेल्या वर्षीपेक्षा स्वच्छ पडेल. आणि जिथे धूर कमी होईल, तिथल्या आईच्या छातीला त्याचा फायदा डोंगराच्याही आधी मिळेल.

उपाय माहीत नाहीत अशातला भाग नाही. वीटभट्टीत विटा नागमोडी रचून हवेला वळणावळणाने फिरवलं की कोळसा कमी लागतो आणि धूर कितीतरी घटतो. उत्तर भारतात अशा भट्ट्या वाढत आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून जास्त घरांत गॅसची जोडणी गेली. पण जोडणी मिळणं वेगळं आणि सिलिंडर परत भरून आणणं वेगळं. आमच्या गावात अजून कित्येक घरांत सिलिंडर कोपऱ्यात पाहुण्यासारखा उभा असतो आणि रोजचा स्वयंपाक चुलीवर होतो, कारण महिन्याच्या शेवटी हातात पैसे नसतात. मशिदीच्या कमिट्या आणि महिला मंडळं गरजू घरांना रमजानमध्ये शिधा देतात. त्या यादीत एखाद्या घराचं एक सिलिंडर भरून देणं बसू शकतं, असं आम्हाला वाटतं. आमच्या गावच्या कमिटीपुढे आम्ही ही गोष्ट मांडली आणि गेल्या वर्षी सात घरांपासून सुरुवात झाली.

धंद्यातही जमेल ते करतो आहोत. हंगामात माल आणायला शक्यतो बीएस-सहा ट्रक भाड्याने घेतो. भाडं थोडं जास्त पडतं, पण ट्रकही रस्त्यात कमी बिघडतो. यार्डात रांगेत उभं असताना इंजिन बंद ठेवा, असं आम्ही चालकांना सांगतो. आधी ते हसले, पण डिझेल वाचतं हे दिसल्यावर त्यांनीही ऐकलं. गावच्या शेतात उसाचं पाचट जाळणं बंद करून ते सरीतच कुजवतो. आमच्या पाचटाचा धूर थाजीवासला पोहोचतो असं आम्ही म्हणणार नाही. हिमालयावरची बरीचशी काजळी गंगेच्या मैदानातून आणि खुद्द डोंगरातल्या गावांतून येते. पण सातारची काजळी सातारच्याच लेकरांच्या छातीत जाते, हे तिच्याविरुद्ध पुरेसं कारण आहे.

पाण्याचा अपव्यय करू नये, वुजू करतानाही ते जपून वापरावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. नळाशी पाणी जपायचं, तसंच ते जिथे साठतं त्या बर्फाचंही जपायला हवं. पाणी ही अमानत असेल तर त्याचं कोठार काळं न होऊ देणं हाही त्याच अमानतीचा भाग आहे. वाळवंटातून उठणारी धूळ आपल्या हातात नाही. जगाचं तापमान एका घराच्या हातात नाही. काजळी मात्र चुलीत, भट्टीत आणि इंजिनात रोज नव्याने तयार होते, आणि रोज नव्याने तयार होते म्हणूनच ती रोज थोडी कमी करता येते. या वर्षीच्या चिल्लई कलानमध्ये जो बर्फ पडेल त्यावर अजून एकही काळा कण बसलेला नाही.